एका रात्रीचा पाहुणा

ज्या मनुष्याची आपली पुनः कधी गाठ पडावयाची नाही, त्याचे आपण काही देणे लागतो काय? प्रश्न लहान दिसतो. परंतु त्याचे उत्तर शोधू लागले म्हणजे आपल्या पुष्कळशा सद्गुणांचा पाया हातास लागतो. गावात राहणाऱ्या मनुष्याच्या आचरणावर अनेक पहारेकरी असतात. शेजाऱ्याचा डोळा, दुकानदाराची वही, सोयऱ्याधायऱ्यांची जीभ, उद्या मागावी लागणारी बैलजोडी, घरातील मुलीचे व्हावयाचे लग्न, ह्या सर्वांचा धाक आपणांस पुष्कळ वेळा सरळ चालवितो. हा धाक वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. कुंपणानेही शेत राखले जातेच. परंतु कुंपण काढल्यावर जे पीक उभे राहील, तेवढेच जमिनीच्या गुणाचे म्हणावयाचे. म्हणून अनोळखी वाटसरूशी गाव कसे वागते, आणि अनोळखी गावाशी वाटसरू कसा वागतो, ह्या दोन गोष्टींवरून माणसांची जितकी पारख होते तितकी दुसऱ्या कशावरून क्वचितच होत असेल.

ह्या प्रश्नाचा विचार नुसता हवेत न करता एखाद्या खऱ्या वाटेवर करावा हे बरे. अशी एक वाट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आहे. ती जमिनीवरची नसून पाण्यावरची आहे. त्या किनाऱ्यास लागून पुष्कळ ठिकाणी वाळूची लांबट व अरुंद बेटे पसरली आहेत. बेटांच्या पलीकडे अटलांटिक महासागर गर्जत असतो, आणि अलीकडे खाड्या, सरोवरे व नद्यांची मुखे ह्यांचे शांत पाणी असते. केप हॅटरसजवळचा समुद्र तर इतकी जहाजे गिळून बसला आहे की, खलाशी त्यास अटलांटिकाचे स्मशान म्हणतात. म्हणून तेथील लोकांनी आतल्या खाड्या कालव्यांनी एकमेकींस जोडून एक सलग जलमार्ग केला. व्हर्जिनियातील नॉरफोक बंदरापासून त्याचे मैल मोजावयास आरंभ होतो, आणि फ्लॉरिडातील मायामीपर्यंत ते सुमारे १,०९० भरतात. पुढे हीच वाट की वेस्ट बेटापर्यंत जाते. उथळ जागी गाळ उपसून ती खोल ठेवावी लागते, आणि हे काम सरकार करते.

ही वाट मूळ मालाच्या पडावांसाठी झाली. आज तिजवरून लहान शिडाच्या व यंत्राच्या बोटीही मोठ्या संख्येने जातात. शरद ऋतूत थंडी पडू लागली म्हणजे उत्तरेकडील लोक, त्यांत नोकरीतून मोकळी झालेली वयस्क जोडपी पुष्कळ, आपल्या बोटींतून दक्षिणेस निघतात, आणि वसंतात परत फिरतात. बोट हेच त्यांचे घर. शिडाची बोट यंत्रावर चालविली तरी ताशी सहा-सात मैलांहून फारशी अधिक जात नाही. म्हणजे दिवसभरात चाळीस-पन्नास मैल. रात्री उथळ पाण्यातील खुणेचे खांब नीट दिसत नाहीत, म्हणून सूर्य मावळण्यापूर्वी बहुतेक कोठे तरी नांगर टाकतात, किंवा एखाद्या गावाच्या धक्क्याला बोट बांधतात. पिण्याचे पाणी, इंधन, भाजीपाला, कचरा टाकण्यास जागा, धुणे धुण्याची सोय, कधी वैद्य, ह्यांसाठी गावाशी संबंध येतोच. सकाळी नांगर उचलला की गाव मागे राहते. बहुधा पुनः भेट नाही. आमच्या प्रश्नास ह्याहून सोयीचे उदाहरण मिळणे कठीण.

प्रथम वाटसरूकडे पाहू. तो म्हणतो, "मी कोणाचे काही घेतले नाही. पाणी सर्वांचे, बोट माझी, इंधन मी विकत घेतले. मी कोणाचे देणे लागत नाही." हे म्हणणे वरवर खरे दिसते. परंतु ज्या पाण्यावर तो तरंगत आहे ते तेथे कसे आले, हे त्याने विचारावे. नॉरफोकहून दक्षिणेस जाण्यास दोन फाटे आहेत. त्यांपैकी एक ग्रेट डिस्मल स्वॉम्प नावाच्या विस्तीर्ण दलदलीच्या अरण्यातून जातो. तेथला कालवा २२ मैलांचा आहे. झाडांच्या मुळ्यांतून व कुजलेल्या पाल्यातून झिरपून आल्यामुळे त्यातील पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचे दिसते. दोन्ही काठांची झाडे वर वाकलेली असतात. प्रवासी त्या शांततेचे फार वर्णन करतात. हा कालवा खणण्यास १७९३ साली आरंभ झाला आणि १८०५ साली तो वाहतुकीस खुला झाला. आणि तो खणला गुलामांनी.

त्या कालव्यावर मोझेस ग्रँडी नावाचा एक गुलाम नावाडी होता. त्याने सांगितलेला स्वतःचा वृत्तान्त १८४३ साली लंडनमध्ये छापून प्रसिद्ध झाला. दलदलीत खणणारी माणसे कंबरेपर्यंत, कधी त्याहूनही खोल, चिखलपाण्यात उभी राहून मुळ्या तोडीत व गाळ उपसून टाकीत, असे त्याने सांगितले आहे. त्या कालव्यातून मालाच्या होड्या नेऊन व पै पै साठवून त्याने आपल्या स्वातंत्र्याची किंमत धन्यास भरली. धन्याने पैसे घेतले आणि त्यास दुसऱ्यास विकून टाकले. त्याने पुनः साठविले, पुनः भरले, आणि पुनः फसला. तिसऱ्या वेळी मात्र एका भल्या मनुष्याच्या साह्याने तो सुटला. त्याची बायको तर त्याच्या डोळ्यांदेखत विकून दूर नेली होती. आज त्या पाण्यावरून जो कोणी आपल्या बोटीत स्वस्थ बसून चहा पीत जातो, त्याने ग्रँडीस फसविले नाही हे उघड आहे. परंतु ज्यांची मजुरी कधीच चुकती झाली नाही अशांच्या हातांनी केलेल्या वाटेवरून तो जात आहे, हेही तितकेच उघड आहे.

मग ते देणे फेडावयाचे कोणास? देणेकरी जिवंत आहे, सावकार मेला. अशा वेळी आपल्याकडे शहाणा मनुष्य सावकाराच्या वारसाचा शोध करतो. आमच्या मते येथे वारस तोच, जो ह्या वाटेवर आपल्या मागून येत आहे व जो तिच्या काठी राहत आहे. पूर्वीच्या माणसांस आपण काही परत देऊ शकत नाही. त्यांच्यापासून मिळालेले पुढच्याच्या हाती बिघडू न देता सोपवू शकतो. "मी कोणाचे देणे लागत नाही" असे म्हणणाऱ्याचा हिशेब येथेच पहिल्या ओळीत चुकतो. नदीकाठी असो वा डोंगरात, कोणतीही वाट केवळ चालणाऱ्याची नसते.

आता दुसरी गोष्ट. बोट चालली म्हणजे तिच्या मागे लाट उठते. धिम्या बोटीची लाट लहान असते. जड व वेगवान बोटीची लाट मोठी असून ती चालविणाऱ्याच्या पाठीमागे उठते. हे फार विचार करण्याजोगे आहे. सुकाणूवर बसलेला मनुष्य पुढे पाहत असतो. त्याच्या पुढचे पाणी काचेसारखे गुळगुळीत असते. मागे मात्र धक्क्याला बांधलेली होडी खांबावर आपटते, चुलीवरचे आधण सांडते, लहान नावेतून मासे धरणारा म्हातारा कलंडतो, आणि काठचे गवत मुळासकट सुटून माती पाण्यात पडते. कालवे व खाड्या ह्यांचे काठ बोटींच्या लाटांनी पुष्कळ ठिकाणी झिजले आहेत. हे सर्व घडते तेव्हा करणारा पाव मैल पुढे गेलेला असतो. त्यास ऐकूही येत नाही. तेथील नावाड्यांत ह्याविषयी एक नियम सर्वमान्य आहे, आणि न्यायालयेही तो मानतात. तो असा की, आपल्या बोटीच्या लाटेने जी हानी होईल तिचा जबाबदार बोट चालविणाराच होय. मी पाहिले नाही, मी पुढे गेलो होतो, ही सबब चालत नाही.

आम्हांस वाटते, नीतीचा एक मोठा भाग ह्या एका नियमात आला. आपण कोणास मारण्यासाठी हात उचलला तर तो आपणांस दिसतो, आणि मन टोचते. परंतु आपल्या घाईने, आपल्या दिमाखाने, आपल्या बेपर्वाईने मागे जी लाट उठते ती आपणांस दिसत नाही, म्हणून मन निश्चिंत असते. हेतू शुद्ध होता, एवढ्याने हिशेब पुरा होत नाही. ज्यास वेग आहे त्याने मागे वळून पाहण्याची सवय लावून घेतली पाहिजे. जितका वेग अधिक, तितकी ही सवय अधिक. पैसा, विद्या आणि अधिकार हेही एक प्रकारचे वेगच आहेत.

ह्याच संबंधाने तेथील नावाड्यांची एक रीत आम्हांस फार आवडली. मागून वेगाने येणाऱ्या बोटीस पुढील सावकाश बोटीच्या बाजूने जावयाचे असते, तेव्हा ती बिनतारी यंत्रावरून पुढच्या बोटीस तसे विचारते, आणि आपला वेग कमी करते. परंतु पुढची बोट जर आपल्या नेहमीच्या चालीनेच चालत राहिली, तर मागच्या बोटीस तिला ओलांडण्यासाठी पुनः वेग वाढवावा लागतो आणि लाट उठतेच. म्हणून पुढची बोटही आपली चाल जवळजवळ थांबविते. मग मागची अगदी हळू बाजूने निघून जाते, आणि कोणाच्या घरातील पेलासुद्धा हलत नाही. म्हणजे बलवानाने आवरले एवढ्याने काम होत नाही. दुर्बळानेही त्यास वाट देण्यासाठी थोडे थांबावे लागते. दोघांनी आपापल्या हक्कातून मूठभर सोडले तर दोघेही सुखाने जातात. एकट्याने सोडले तर बहुधा दोघांचेही भागत नाही.

पुलांचीही अशीच गोष्ट आहे. ह्या जलमार्गावर कित्येक पूल बसके आहेत. उंच डोलकाठीची बोट आली म्हणजे पुलावरील मोटारी थांबवून पूल उचलावा लागतो. एका बोटीतील दोन माणसांसाठी शंभर माणसे खोळंबतात. कायद्याने बोटीस जाऊ देणे भाग आहे; मोठ्या शहरांत मात्र पूल उघडण्याच्या वेळा ठरविलेल्या असतात. परंतु त्याच कायद्यात दुसरे एक कलम आहे. बोटीवरील एखादी काठी खाली करून पुलाखालून जाता येण्याजोगे असेल, तर नावाड्याने पूल उघडण्यास सांगूच नये. हक्क आहे, परंतु निष्कारण वसूल करावयाचा नाही. कायदे करणाऱ्यांनी हे शब्दांत लिहून ठेवावे लागले, ह्यावरून मनुष्यस्वभाव कसा आहे हेही समजते.

येथवर वाटसरूचे देणे झाले. गावाचे काय? जो मनुष्य काल नव्हता व उद्या नसणार, त्याच्यासाठी गावाने का झिजावे? ह्याचे उत्तर तर्काने देण्यापूर्वी एका गावाने दिलेले उत्तर सांगतो. डिस्मल स्वॉम्पच्या कालव्यातून दक्षिणेस बाहेर पडले म्हणजे पास्क्वोटँक नदी लागते, आणि तिच्या काठी नॉर्थ कॅरोलिना प्रांतातील एलिझाबेथ सिटी हे लहानसे शहर आहे. त्याच्या पुढे अल्बेमार्ल साउंड नावाचे रुंद व उथळ पाणी ओलांडावे लागते. वारा सुटला म्हणजे तेथे आखूड व उभ्या लाटा उसळतात, आणि लहान बोटीस वाट पाहत थांबणे भाग पडते. तेथे धक्का बांधून नगरपालिकेने प्रवासी बोटींस काही काळ फुकट बांधू देण्याची सोय केली होती. १९८३ साली फ्रेड फिअरिंग नावाचे एक पोस्टातून निवृत्त झालेले गृहस्थ व त्यांचे मित्र जो क्रेमर ह्यांनी धक्क्यावर पुष्कळ परक्या बोटी लागलेल्या पाहिल्या, आणि त्या लोकांचे स्वागत करावे असे त्यांच्या मनात आले. क्रेमर ह्यांच्या बागेत गुलाब होते. त्यांनी बोटींतील स्त्रियांस एकेक गुलाब दिला, आणि सर्वांस धक्क्यावर बोलावून अल्पोपाहार दिला.

त्या उपाहारात द्राक्षारसही होता. त्याविषयी आमच्या कित्येक वाचकांचे मत निराळे असेल, आणि ते त्यांनी सोडावे असे आम्ही सुचवीत नाही. सांगावयाची गोष्ट निराळी आहे. हा प्रकार एका सायंकाळचा हौसेचा ठरला नाही. पुढे बोटी येत गेल्या आणि हे दोघे पुनः पुनः धक्क्यावर जात राहिले. दुसरे लोक त्यांस येऊन मिळाले. १९८७ साली क्रेमर वारले; तेव्हा त्यांच्या बागेतील गुलाबाची झाडे उपटून धक्क्याजवळ आणून लावली, आणि फिअरिंग त्यांच्या फुलांनी परक्यांचे स्वागत करीत राहिले. ते २००७ साली निवर्तले. म्हणजे सुमारे दोन तपे एका निवृत्त टपालवाल्याने, ज्यांची नावेही तो पुढे विसरला असेल अशा माणसांची, आपल्या गावाच्या दारात वाट पाहिली. ह्यात त्यास काय मिळाले हे त्याचे त्यास ठाऊक. मात्र एवढे खरे की, त्या जलमार्गावर ते गाव आतिथ्याचे बंदर ह्या नावाने ओळखले जाऊ लागले.

येथे एक शंका कोणी काढील, आणि ती सरळपणे पाहिली पाहिजे. कोणी म्हणेल, "ह्यात धर्म कसला? हा तर व्यापार. गुलाब द्यावा आणि दुकानातील मालाचा खप वाढवावा. आलेला मनुष्य चार पैसे खर्च करतोच." शंका खोटी नाही. प्रवासी बोटी आल्याने गावास लाभ होतो, आणि नगरपालिकेने धक्का बांधला त्यात हा हिशेब असणारच. परंतु हेतू मिश्र असला म्हणजे कृत्य खोटे ठरते, हे आम्हांस मान्य नाही. विहीर खणणाऱ्यास आपल्या शेतासाठी पाणी हवे असते. तरी त्याने काठावर जनावरांसाठी डोणी बांधली तर ती डोणी खरीच. पाहावयाचे ते इतकेच की, ज्याच्यापासून काही मिळावयाचे नाही अशा मनुष्यासही तो त्याच डोणीवर येऊ देतो काय. धक्क्यावर गुलाब देताना बोट मोठी की लहान, धनिकाची की फाटक्या शिडाची, हे विचारीत बसले असते तर तो व्यापार झाला असता. बोट आली, म्हणून गुलाब. ह्यातच त्याचे मोल आहे.

ह्याच्या उलट बाजूही ह्याच जलमार्गावर पाहावयास मिळते. फ्लॉरिडात पाण्याच्या काठी श्रीमंतांचे बंगले आहेत. त्यांच्यापुढील शांत पाण्यात प्रवासी नांगर टाकतात. बंगलेवाले म्हणतात, "आमच्या दारापुढे परकी माणसे महिनोन् महिने राहतात, गोंगाट करतात, मैला पाण्यात सोडतात, आणि बोट नादुरुस्त झाली की टाकून जातात; ती काढण्याचा खर्च आमच्या करांतून होतो." नावाडी म्हणतात, "पाणी व त्याखालील जमीन सर्व जनतेची आहे. तुम्ही जमीन विकत घेतली. पाण्याचा देखावा विकत घेतला नाही." वाद कायदेमंडळात गेला. २००९ साली असा कायदा झाला की, गावांनी आपापल्या मर्जीने नांगर टाकण्यावर बंदी घालू नये. मात्र प्रयोगादाखल पाच ठिकाणी नियम करून पाहावेत. त्यांत सेंट ऑगस्टिन हे जुने शहर एक होते. तेथे पाण्यात बोये कायमचे रोवून ठेवले, आणि थोडे भाडे घेऊन बोटी त्यांस बांधू देऊ लागले. पुढे २०१६ साली मात्र मायामीच्या बाजूच्या काही ठरावीक जागी रात्री नांगर टाकण्यास त्याच कायदेमंडळाने मनाई केली.

दोन्ही पक्षांत सत्य आहे, आणि म्हणूनच हा वाद बोधप्रद आहे. पाणी सर्वांचे, हा विचार फार प्राचीन आहे. रोमी सम्राट जस्टिनियन ह्याच्या आज्ञेने ५३३ साली प्रसिद्ध झालेल्या कायद्याच्या ग्रंथात हवा, वाहते पाणी, समुद्र व समुद्राचा किनारा ही निसर्गतः सर्वांची आहेत असे तत्त्व सांगितले आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९२ साली, सरकार हे अशा पाण्याचे धनी नसून जनतेच्या वतीने विश्वस्त आहे, असा निकाल दिला; आणि आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९६ साली बियास नदीकाठच्या एका हॉटेलाच्या खटल्यात हेच तत्त्व स्वीकारले. तेव्हा काठावर घर आहे म्हणून पाण्यावर धनीपण सांगणे चुकीचे होय. परंतु "सर्वांचे" ह्या शब्दाचा अर्थ "कोणाचेच नाही" असा करून जो तेथे घाण सोडतो व मोडकी बोट टाकून जातो, तो तर त्या तत्त्वाचा अधिक मोठा शत्रू आहे. कारण बंगलेवाल्याच्या हाती मनाईचे शस्त्र त्यानेच दिले. एकाच्या निष्काळजीपणाची शिक्षा त्याच्या मागून येणाऱ्या शंभर सभ्य प्रवाशांस भोगावी लागते. लाट म्हणतात ती हीही एक.

एक गोष्ट मात्र आम्हांस त्या मनाईच्या कायद्यातही समाधानाची वाटली. बोटीचे यंत्र बिघडले असेल किंवा वादळ येऊ घातले असेल, तर त्या जागीही थांबण्यास मोकळीक ठेविली आहे. एवढ्या कडू भांडणानंतरही संकटात सापडलेल्यास आसरा नाकारण्याचे धैर्य कोणास झाले नाही. ह्यावरून वाटते की, आतिथ्याचे मूळ मनुष्याच्या मनात हक्काच्या वादाहून खोल गेलेले आहे. वरची फांदी तोडली तरी ते मूळ शाबूत राहते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पुनः न भेटणाऱ्या मनुष्याचे आपण देणे लागतो काय? आमचे उत्तर असे आहे की, देवघेवीचे देणे लागत नाही, परंतु वाटेचे देणे लागतो. देवघेवीत मनुष्य ज्यास देतो त्याच्याकडूनच घेतो. तेथे वही ठेविता येते. वाटेवर तसे नसते. ज्यांनी कालवा खणला त्यांस आपण भेटलो नाही. ज्याने आपणांस गुलाब दिला त्यास आपण परत भेटणार नाही. आणि आपल्या लाटेने ज्याची होडी आपटेल त्याचे तोंडही आपण पाहणार नाही. घेणे एकाकडून, देणे दुसऱ्यास, आणि साक्षीस कोणी नाही. म्हणून तर हे देणे बुडविणे इतके सोपे आहे, आणि ते फेडणारा मनुष्य मोठा. ह्या देण्याचे स्वरूप दोन शब्दांत सांगावयाचे तर, वाटसरूने आपली लाट आवरावी आणि गावाने आपला धक्का मोकळा ठेवावा. पहिल्यात दुसऱ्यास त्रास न देणे आले, दुसऱ्यात जागा देणे आले. ह्यांपैकी एकच पक्ष आपले काम करील तर दुसऱ्याचा धीर लवकरच सुटतो. जसे ओलांडताना एकच बोट हळू झाली तर लाट चुकत नाही.

आमच्या बहुतेक वाचकांस अमेरिकेच्या त्या जलमार्गावर जाण्याचा प्रसंग येणार नाही. परंतु ही गोष्ट आपल्यापासून वाटते तितकी दूरही नाही. २०१६ साली हिंदुस्थानात राष्ट्रीय जलमार्गांचा कायदा होऊन १११ जलमार्ग त्यात नमूद झाले. त्यांत आपल्या कोकणातील दाभोळची खाडी व वाशिष्ठी, जयगडची खाडी व शास्त्री, बाणकोटची सावित्री, रेवदंड्याची कुंडलिका, आणि गोव्यातील मांडवी व जुवारी ह्यांचीही नावे आहेत. ज्या खाडीत आज तर व मासेमाऱ्यांच्या होड्या चालतात तेथे उद्या मोठ्या बोटी आल्या, तर लाट कोणाची आणि काठ कोणाचा हे प्रश्न येथेही उभे राहतील. वेगवान बोटीतील माणसास होडीतला कोळी दिसेल काय, आणि धक्क्यावरच्या गावास उतरलेला परका मनुष्य लुटावयाचे गिऱ्हाईक दिसेल की पाहुणा, हे कायद्याने पुरते ठरावयाचे नाही.

आणि ज्यांच्या गावास खाडी नाही, त्यांच्या गावासही रस्ता आहे. ऊसतोडीस जाणाऱ्यांच्या गाड्या पाण्याजवळ थांबतात. मेंढरांचा वाडा घेऊन धनगर शिवारातून जातो. आठवड्याच्या बाजारास अनोळखी विक्रेता येऊन एक रात्र देवळाच्या किंवा शाळेच्या ओसरीवर निजतो. त्यास पाणी कोठे आहे हे आपण होऊन सांगावे, की त्याने विचारीपर्यंत थांबावे? मापात त्यास फसविले तर तो उद्या तक्रार करण्यास यावयाचा नाही, हे आपणांस ठाऊक असते. तसेच आपण परगावी गेलो असता ज्या झाडाखाली भाकर खाल्ली तेथे काय टाकून आलो, ज्या विहिरीचे पाणी प्यालो तिच्या काठावर कसा पाय ठेविला, ज्या अरुंद वाटेने भरधाव मोटार नेली तेथे कोणाच्या अंगावर चिखल उडाला, हे पाहणारे ओळखीचे कोणी नसते. अशा जागी मनुष्य स्वतःपुरता एकटा असतो, आणि तेथे तो जे करतो त्यावरून त्याचे त्यासच समजावे की, आपल्या गावातील आपला चांगुलपणा कुंपणाचा होता की जमिनीचा.